शेवटचे चार आकडे

“नंबर देणार नाही म्हणजे नाही,” इस्त्री घेऊन आलेला माणूस म्हणाला. “कायदा वाचलाय मी.”

“नका देऊ,” परतबाई म्हणाल्या. “मी मागितलाय का?”

माणूस भांडायच्या तयारीने आला होता आणि समोर भांडायला कोणी नव्हते. बाईंनी इस्त्री उलटी केली, पिळलेली वायर सरळ केली, बुडावरचा जळका डाग अंगठ्याने घासून पाहिला.

“या वयात स्वतःचे कपडे स्वतः करता, कौतुक आहे. आमच्याकडे साठी झाली की पुरुषाला पाण्याचा पेला उचलवत नाही.”

“साठी? कोणाची साठी?”

“तुमची नाही का? माफ करा हं, केसांवरून वाटलं.”

“चोपन्न पुरी होतील आता अकराला.”

“मेच्या?”

“जूनच्या.”

बाईंचा उजवा हात इस्त्रीवर होता. डावा कीबोर्डवर चालत होता आणि त्याच्याकडे त्या पाहत नव्हत्या. “हं, आलं बघा,” त्या स्क्रीनकडे वळून म्हणाल्या. “शेवट शून्य-शून्य-बारा.”

“छे! ब्याण्णव-एकतीस.”

“ब्याण्णव-एकतीस. बरोबर.”

यंत्रातून पावती सरकली. माणसाने इस्त्रीचे पैसे खिशात घातले. “तुम्ही समजूतदार आहात,” तो म्हणाला, “नाहीतर बाकीच्या दुकानांत नंबरशिवाय उभं करत नाहीत.” आणि तो जिंकल्यासारखा गेला.

शेजारच्या गल्ल्यावर बसायला काही नव्हते. तिथे उभा असलेला रोखपाल खोकल्यासारखा हसला. गिऱ्हाइकाकडे आयुष्यभर सुट्टे मागत आल्यामुळे त्याचे नावच ‘सुट्टे’ पडले होते.

“बाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. चोरानं स्वतःहून मनगटं पुढं केली असती.”

“तू आपले सुट्टे बघ,” परतबाई म्हणाल्या.

दुकान चार मजल्यांचे होते. भांडी, विजेची उपकरणे, कपडे, बॅगा, असे घराला लागेल ते सगळे तिथे मिळे. विकण्यासाठी प्रत्येक मजल्यावर माणसे होती. विकलेले परत घेण्यासाठी तळमजल्यावर, जिन्याखाली, एकच काउंटर होता. तिथे येणारा माणूस आधीच चिडलेला असे. त्याला शांत करायचे, वस्तू परत घ्यायची आणि जाता जाता त्याच्या ओळख क्रमांकाची नोंद करायची, हे परतबाईंचे काम.

क्रमांकाला दुकानात वस्तूपेक्षा जास्त भाव होता. प्रत्येक नागरिकाला सरकारने दिलेला तो एक आकडा. आधी जन्मतारीख, आणि शेवटी ज्याचे त्यालाच ठाऊक असलेले चार आकडे. तो यंत्रात घातला की माणसाचे घर उघडे. पत्ता, घरात किती माणसे, कोण कशावर खर्च करते, फोन कोणाच्या नावावर. कोणाला काय विकायचे हे मालकांना त्यावरून कळे. हे मालकांचे धाकटे चिरंजीव सगळ्यांना समजावून सांगत. दुकान आता तेच पाहत. त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत.

आकडे काढून घ्यायची ही रीत परतबाईंना कोणी शिकवली नव्हती. एकदा त्यांच्या हातून खरोखरच चूक झाली होती. एका बाईंचे वय त्यांनी चुकीचे धरले आणि बाईंनी तणतणत जन्मतारीख सुनावली. परतबाईंच्या ध्यानात आले की माणसाला विचारले तर तो लपवतो, पण त्याच्याबद्दल चुकीचे बोलले तर त्याला राहवत नाही. बायकांना पाच वर्षे जास्त सांगायची, पुरुषांना तर कशीही सांगितली तरी चालतात. शेवटच्या चार आकड्यांना कोणतेही चार आकडे बोलायचे, मात्र वाचून दाखवल्यासारखे बोलायचे. शंभरातले नव्वद लोक दुरुस्त करीत. उरलेले दहा घाईत असत.

मग कायदा आला. साधी खरेदी असो वा परत, दुकानदाराने ग्राहकाकडे ओळख क्रमांक मागायचा नाही. फक्त हप्त्यावर किंवा उधारीवर माल दिला तर मागता येईल. क्रमांक दिला नाही म्हणून सेवा नाकारायची नाही. तसा फलक काउंटरवर, दिसेल असा, लावायचा. यंत्रातही ‘क्रमांकाविना’ असे एक नवे बटण ठेवायचे.

कायदा लागू झाला त्या सकाळी दुकान उघडण्याआधी धाकट्या साहेबांनी सगळ्यांना जिन्यापाशी गोळा केले.

“आजपासून नंबर मागायचा नाही,” ते म्हणाले. “दंड जबरदस्त आहे. मागायचा नाही. सगळ्यांना कळलं?”

सगळ्यांनी माना हलवल्या.

“आपल्या परतबाई बघा. त्यांनी कधी मागितलाय?”

आधी सुट्टे हसला, मग सगळे हसले. परतबाईही हसल्या. साहेब मात्र हसले नाहीत. “‘क्रमांकाविना’ दाबलं की माझ्या स्क्रीनवर लाल दिसतं,” ते पुढे म्हणाले. “कायद्यानं बटण ठेवायला सांगितलंय, ठेवलंय. पण जिथं लाल जास्त, तिथला माणूस मी बदलणार. परतीला बसायला खूपजण तयार आहेत.”

हे खरे होते. त्या चार मजल्यांवर कामगाराला बसता येईल अशी एकच खुर्ची होती आणि ती परतीच्या काउंटरमागे होती. त्या खुर्चीआधी परतबाई वीसेक वर्षे लहान मुलांच्या कपड्यांच्या विभागात उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांचे फोटो खिडकीकडे धरून डॉक्टर म्हणाले होते, “मधली गादी गेलीये. उभं राहायचं काम सोडा.” काम सोडणे शक्य नव्हते. नवऱ्याला धाप लागत असे आणि तो घरीच होता. तेव्हा आधीचा परतीवाला निवृत्त झाला, परतबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांचे खरे नाव हजेरीपुरते उरले.

फलक लावला गेला. त्याच दुपारी साहेबांनी त्याच्यापुढे प्लास्टिकच्या झाडाची कुंडी आणून ठेवली. “काउंटर जरा प्रसन्न दिसतो,” ते म्हणाले. रोज सकाळी परतबाई त्या झाडाची पाने ओल्या फडक्याने पुसत.

ती आली तेव्हा दुपार होती आणि गर्दी नव्हती. पस्तिशीच्या आतली, बारीक चणीची. मोठी प्रवासी बॅग तिने दोन्ही हातांनी छातीशी उचलून आणली होती. बॅगेला चाके होती, दुकानाची फरशी गुळगुळीत होती, तरी ती बॅग ओढत नव्हती.

“मावशी, ही परत करायचीये. आणि दुसरी घ्यायचीये, लहान. पावती आहे.”

“ठेवा इथं. केवढं ओझं उचललंत!” बॅग आत घ्यायला परतबाई उठल्या आणि टेबलाची कड धरून थांबल्या. तोंडातून “आई गं” निघून गेले.

“गुडघे?” ती म्हणाली. “थांबा, मीच ठेवते आत. बसा तुम्ही. माझ्या आईचेही असेच होते. उठताना आधी पुढं वाकायचं, मग उठायचं. कमी दुखतं.”

काउंटरची फळी उचलून ती आत आली, बॅग ठेवून परत बाहेर गेली. गिऱ्हाइकाने असे केल्याचे परतबाईंना आठवत नव्हते. त्यांनी चेन उघडून पाहिली, मूठ ओढून पाहिली. बॅग कोरी होती.

“चांगली आहे की. का परत करताय? कारण लिहावं लागतं.”

ती थोडी घुटमळली. “चाकांचा आवाज होतो.”

“चाकांचा होणारच थोडा.”

“जिन्यात फार होतो. बिनचाकांची द्या, हातात धरायची.”

परतबाईंनी कारणाच्या जागी ‘चाकांचा आवाज’ असे टाइप केले. आजवर त्यांनी रंग आवडला नाही, नणंदेने तसलीच आणली, नवऱ्याने रागावून परत पाठवले अशी हजार कारणे टाइप केली होती. कारण वाचून त्या कधी थांबल्या नव्हत्या, तेव्हाही थांबल्या नाहीत.

सुट्टेने वरच्या मजल्यावरून लहान बॅग मागवली. ती येईपर्यंत तो काउंटरला रेलून म्हणाला, “फिरायला वाटतं? मिस्टरांबरोबर?”

“नाही, म्हणजे हो,” ती म्हणाली. मग परतबाईंकडे वळून हळू आवाजात, “मावशी, नंबर नको ना टाकायला? घेताना नव्हता टाकला. रोख दिले होते. नंबर टाकला की घरच्या फोनवर मेसेज जातो.”

“कोण मागतंय तुमच्याकडे नंबर?” परतबाई म्हणाल्या. नेहमीचेच वाक्य होते, आपोआप निघाले.

तिने सुटकेचा श्वास सोडला तो ऐकू आला.

त्याच वेळी धाकटे साहेब जिन्यावरून उतरले आणि काउंटरच्या टोकाशी, झाडापाशी, फोन कानाला लावून उभे राहिले. परतबाईंनी स्क्रीनवर पाहिले. ‘क्रमांकाविना’ हे बटण डाव्या कोपऱ्यात होते. त्या आठवड्यात दोन लाल झाले होते. एक म्हातारा बहिरा होता, त्याला चुकीचा आकडा ऐकूच गेला नाही. दुसरी एक वकीलीण होती, ती नुसतीच हसली. “बाई, काय होतंय? वय झालं का?” असे साहेब सकाळीच विचारून गेले होते.

“तुमच्या आईचं ऐकून बरं वाटलं,” परतबाई म्हणाल्या. “माझी भाची तुमच्याएवढीच. चाळिशी गाठली तिनं परवा.”

“चाळीस!” ती पहिल्यांदा हसली. हसताना तिचे दात फार सुरेख दिसत. “मावशी, अजून सहा वर्षं आहेत हो मला.”

“काय सांगता! मग डिसेंबरच्या असाल. डिसेंबरची माणसं शांत असतात.”

“नाही, ऑगस्ट. दोन ऑगस्ट. शांत कसली!”

डावा हात चालला. तिने तो पाहिला नाही, ती लहान बॅगेची वाट पाहत वर जिन्याकडे बघत होती.

“हं, हे बघा, आलं,” परतबाई वाचल्यासारखे म्हणाल्या. “शेवट सात-सात-शून्य-तीन.”

तिने झटकन मान वळवली. “आलं म्हणजे? काय आलं?”

“अहो, काही नाही. यंत्र आपोआप घेतं. सात-सात-शून्य-तीन. टाकू हेच?”

“नाही, नाही, तो माझा नाही. टाकू नका तो! माझा एक्काहत्तर-अठ—”

तिने हाताने तोंड झाकले. पण ‘अठरा’ बोटांमधून बाहेर आले होते. पडद्यावर तिचे नाव, तिचे घर उघडले.

“काढता येईल ना?” ती हाताआडून म्हणाली. “मावशी, काढा ना.”

काढता येत होते. कोपऱ्यातले बटण दाबले की सगळे पुसले जाई आणि वर साहेबांच्या स्क्रीनवर लाल येई. साहेबांनी फोन कानावरून खाली घेतला होता आणि ते झाडाचे एक पान उगाच सरळ करत होते.

“मेसेज सगळ्यांना जात नाही हो,” परतबाई म्हणाल्या. “उगाच घाबरता.” आणि त्यांनी नोंद पक्की केली.

लहान बॅग आली. ती घेऊन ती निघाली. दारापाशी थांबली, वळून पाहिले. मग गेली.

“मेसेज सगळ्यांनाच जातो की हो,” सुट्टे म्हणाला.

“तुला कोणी विचारलं?”

दिवेलागणीला एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, मंद वासाचे अत्तर, बोलणे मृदू. त्याच्या हातात परत करायची वस्तू नव्हती. त्याने फोन काउंटरवर ठेवला आणि परतबाईंकडे वळवला.

“आमच्याकडून काहीतरी परत आलं म्हणे आज. जरा बघता का, मावशी?”

मेसेज दुकानाचाच होता. ‘आपल्या कुटुंबाच्या खात्यावर परतीची नोंद. वस्तू: प्रवासी बॅग, मोठी. कारण: चाकांचा आवाज. बदली: हातबॅग, बिनचाकांची. आम्हाला पुन्हा भेट द्या.’

“हो, आलं होतं,” परतबाई म्हणाल्या. “काही अडचण?”

“छे, छे. अडचण कसली? फक्त मजा वाटली.” तो हसला. “घरात अशी बॅग मी बघितलीच नाही हो. बायको माझी विसरभोळी आहे, ठेवली असेल कुठं. पण चाकांचा आवाज? रस्त्यावर खडी आहे आमच्याकडे, तिथं होत असेल.”

“नाही, जिन्यात म्हणत होत्या,” परतबाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आले.

“जिन्यात,” तो म्हणाला. त्याने फोन उचलून खिशात ठेवला, खिशाची घडी नीट केली. “बरोबर. जिना उतरायचा म्हणजे होणारच. आभारी आहे, मावशी. फार मदत झाली.”

तो गेल्यावर परतबाईंनी स्क्रीनवर त्या घराची नोंद पुन्हा उघडली. जन्मतारीख होती. पत्ता होता, तिसरा मजला. घरातली माणसे दोन. फोन मात्र एकच होता आणि तो आत्ताच त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवलेला होता. त्या बाईला कळवायचा काहीही मार्ग त्या सगळ्या माहितीत नव्हता. पत्ता फार लांबचा नव्हता. चालत्या पायांना लांबचा नव्हता. परतबाई पुढे वाकून, मग उठल्या. तसे केल्याने खरोखरच कमी दुखले. तेवढ्यात मिक्सर घेऊन एक नवरा-बायको भांडतच आले आणि त्या परत बसल्या.

घरी नवऱ्याने त्यांच्या गुडघ्यांना शेक दिला. ते त्यांचे रोजचे होते. धापेमुळे तो मध्येच थांबे.

“आज एक बाई आली होती,” परतबाई म्हणाल्या आणि सगळे सांगितले. जिन्याचे सोडून.

“तू मागितलास का नंबर?” नवऱ्याने विचारले.

“नाही.”

“मग झालं तर. लोकांचे संसार आपण किती सांभाळायचे?” त्याने शेकाची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. “खुर्ची सांभाळ म्हणजे झालं.”

ग्राहक तक्रार कार्यालयाचे पत्र आले तेव्हा परतबाईंना त्यातली बाई कोण हे सांगावे लागले नाही. तक्रार तिच्या धाकट्या बहिणीने लिहिली होती. दुकानाने कायदा मोडून ओळख क्रमांक मिळवला, त्यामुळे आपल्या बहिणीला गंभीर इजा झाली, असे तीत होते.

धाकट्या साहेबांनी परतबाईंना वर बोलावले. समोर बसा म्हणाले. हे आधी कधी झाले नव्हते.

“घाबरायचं नाही. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, बाई. नंबर मागितला का? नाही. नंबर दिला नाही तर परत घेणार नाही असं म्हणालात का? नाही. बस. खरं तेच सांगायचं.”

“ती काढा म्हणाली होती, साहेब.”

“ते कोणी विचारलं तर सांगायचं.” त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. “आणि तुमच्या खुर्चीचं मी बोललोय. नवी येतेय, हातांची. मागं टेकायला उंच.”

कार्यालयातली खोली लहान होती. पंख्याखाली अधिकारी बसल्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. टेबलाच्या एका बाजूला धाकटे साहेब आणि परतबाई, दुसऱ्या बाजूला त्या दोघी बहिणी. बहीण खुर्चीच्या काठावर बसली होती, आत्ता उठेल अशी. ती मात्र मागे रेलून, उजवा हात तोंडावर ठेवून बसली होती. त्या दुपारी काउंटरपाशी ठेवला होता तसाच. परतबाईंना क्षणभर वाटले, की तो तिने तेव्हापासून काढलेलाच नाही.

“फलक लावला होता?” अधिकाऱ्यांनी विचारले.

साहेबांनी फोटो पुढे केला. फोटोत फलक स्वच्छ दिसत होता. झाड नव्हते.

“झाड होतं पुढं,” बहीण म्हणाली. “मी स्वतः जाऊन बघून आलेय. ही माणसं—”

“तुम्ही थांबा. त्या दिवशी तुम्ही तिथं होता का? नव्हता. मी यांना विचारते.” अधिकारी तिच्याकडे वळल्या. “फलक दिसला होता?”

ती हाताआडून काहीतरी बोलली.

“ऐकू येत नाही. हात जरा खाली घ्या.”

“तिला नाही बोलता येत तसं,” बहीण म्हणाली.

“नोंद घ्यायची आहे. हात खाली घ्या.”

तिने हात खाली घेतला. वरचे पुढचे दात नव्हते. ओठाची एक बाजू शिवलेली होती. साहेब खिडकीकडे पाहू लागले. परतबाईंनी टेबलाच्या कडेकडे पाहिले.

“फलक मी बघितला नाही,” ती म्हणाली. शब्दांतून हवा निसटत होती. “झाड होतं, पण मीही नीट बघितलं नाही.”

“बरं. यांनी तुमच्याकडे क्रमांक मागितला का?”

“नाही.”

“अगं!” बहीण म्हणाली.

“नाही मागितला. मी आधीच नको म्हणाले, तर त्या म्हणाल्या, कोण मागतंय.”

“दिला नाही तर वस्तू परत घेणार नाही, असं काही म्हणाल्या?”

“नाही. चांगलं बोलल्या. त्यांनी दुसराच कोणतातरी नंबर वाचला. मग माझा मीच सांगितला.”

अधिकाऱ्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि परतबाईंकडे बराच वेळ पाहिले. त्या खुळ्या नव्हत्या.

“तुम्ही दुसराच नंबर का वाचलात?”

“यंत्रावर आला होता,” धाकटे साहेब म्हणाले. “जुनी यंत्रं आहेत.”

“मी यांना विचारलं.”

पंखा फिरत होता. परतबाईंना ओठावरचे टाके दिसत होते. त्यांनी मोजले नाहीत. त्यांना नवी खुर्चीही दिसत होती, हातांची, मागे उंच.

“यंत्रावर आला होता,” त्या म्हणाल्या.

“त्यांनी काढा म्हटल्यावर काढला का नाही?”

“ताईंनी काढा म्हटलं होतं, पण...” परतबाई थांबल्या. “मेसेज जाणार नाही असं मला वाटलं.”

“त्यांना वाटलं असेल तसं,” ती म्हणाली. तिने आपणहून सांगितले. कोणी विचारले नव्हते.

बहिणीने कपाळावर हात मारला. “तुझ्यासारखी तूच. त्यांच्या बाजूनं बोलायला आलीस का इथं?”

“खोटं कसं बोलू?”

अधिकाऱ्यांनी लिहिले आणि लिहिता लिहिताच सांगितले. कायदा मागणीला आणि नकाराला आहे. इथे मागणी झाली नाही, नकारही झाला नाही, हे ज्यांना इजा झाली त्या स्वतःच सांगतात. फलकापुढच्या झाडाबद्दल दुकानाला समज देण्यात येते. “मारहाणीचा विषय या कार्यालयाचा नाही,” त्या म्हणाल्या. “तो पोलिसांत न्यायचा.”

“पोलिसांत हिनं काय सांगितलं माहितीये?” बहीण म्हणाली. “‘मी त्याला न सांगता बॅग घेतली होती.’ तिथंही खरंच बोलली.”

सह्यांची प्रत तयार होईपर्यंत सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितले. बोळ अरुंद होता. पाण्याच्या पिंपाजवळ एकच खुर्ची होती, हिरवी, एका पायाला तार बांधलेली. तिच्यावर ती बसली होती. बहीण खाली रिक्षा बघायला गेली. धाकटे साहेब फोनवर बोलत बोळाच्या टोकाला गेले. “हो, मिटलं,” असे ऐकू आले. “अहो नाही, झाडाचं. झाड हलवायला सांगितलंय.”

परतबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. उजवा पाय उचलला, मग डावा.

ती उठली.

“बसा, मावशी.”

“नको, नको. तुम्ही बसा.”

“बसा हो. उभं राहवत नाही तुम्हाला, मला माहितीये.” तिने हात पुन्हा तोंडावर धरला होता. दुसऱ्या हाताने तिने खुर्ची परतबाईंच्या मागे सरकवली, तार असलेला पाय भिंतीकडे करून.

परतबाई बसल्या.

ती समोरच्या भिंतीला टेकली.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तो पहिला नंबर कोणाचा होता? सात-सात-शून्य-तीन?”

“कोणाचाच नाही,” परतबाई म्हणाल्या.

“कोणाचाच नाही?”

“नाही.”

तिने मान हलवली, जणू एवढेच जाणून घ्यायचे होते. “मला वाटलं, तुम्ही तो टाकला तर मेसेज, तो ज्या बाईचा असेल, तिच्या घरी जाईल. म्हणून बोलले. तिला बिचारीला कशाला उगाच.”

खालून बहिणीने हाक मारली. ती “येते हं, मावशी” म्हणाली आणि कठड्याला धरून, एक एक पायरी बघत, जिना उतरली. तिच्या पावलांचा आवाज अजिबात झाला नाही.

खोलीचे दार उघडून शिपाई बाहेर आला. त्याच्या हातात कागद होता.

“दुकानातर्फे सही कोणाची?”

साहेब फोनवर होते. त्यांनी तिकडूनच बोट दाखवले.

परतबाईंनी हात वर केला. मग त्या आधी पुढे वाकल्या, तिने सांगितले होते तशा, आणि तशाच वाकून राहिल्या.